बाप्तिस्म्याच्या विहिरीची भीती

मित्रांनो, मी येरवड्यातल्या एका चर्चच्या आवारातली जुनी विहीर आहे, आणि मला माझ्याच पाण्याची भीती वाटते.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षे झाली होती, तेव्हा मंडळीतल्या माणसांनी मला खणले. रविवारची उपासना आटोपली की ते बाह्या सरसावून कुदळी हातात घ्यायचे. पाणी लागले तेव्हा ठरले, की इथला प्रत्येक बाप्तिस्मा माझ्याच पाण्याने व्हायचा. शेजारची वस्तीही माझ्यावरच पोसली गेली. खोटे कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोराही होता.

मग भिंतीपलीकडे नळाच्या तोट्यांना मुलामा देण्याचा कारखाना आला. मालक चर्चचेच पंच, संभाजीराव. त्यांच्या देणगीतून चर्चवर नवे छप्पर चढले. कारखान्याचे सांडपाणी मात्र जमिनीतून माझ्यात झिरपू लागले. पाण्यावर हिरवट झाक आली. वस्तीतल्या मुलांच्या अंगावर पुरळ उठले, तरी बादल्या येतच राहिल्या, कारण तिथे नळाला आठवड्यातून दोनदाच पाणी यायचे. प्रत्येक बादली भरताना 'नको' म्हणावेसे वाटायचे. मला ओरडता येत नाही हो.

एका रविवारी वस्तीतल्या शालूच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. रिवाजाप्रमाणे तिने माझे पाणी कळशीत भरून आत नेले. दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. बाप्तिस्म्याचे कुंड आधीच भरलेले होते.

"हे पाणी कुठलं?" तिने विचारले.

"जारचं," संभाजीराव म्हणाले. "विहिरीचं जरा खराब झालंय. तान्हं बाळ आहे, उगाच जोखीम नको. दोन वर्षं आपण जारच आणतोय."

"दोन वर्षं? आणि आम्ही रोज पितोय ते?"

मग तिने पाळकसाहेबांनाच विचारले.

"पाळकसाहेब, जे पाणी माझ्या बाळाच्या कपाळाला चालत नाही, ते माझ्या थोरलीच्या पोटाला कसं चालतं?"

पाळकसाहेबांचा आवाज खाली आला. "मला ठाऊक होतं, शालू. देवानं सृष्टी राखायला दिलीय, असं मी दर रविवारी सांगत होतो, आणि याबद्दल गप्प होतो. आजपासून जार आधी वस्तीत जातील. विहीर शुद्ध होईपर्यंत इथे कुणाचाही बाप्तिस्मा होणार नाही."

"पुढच्या रविवारी माझ्या नातीचा आहे," संभाजीराव म्हणाले.

"तिचाही नाही."

त्या दिवसापासून माझ्यावर जाळी आणि कुलूप आहे. संभाजीरावांची नात आता चालू लागली आहे. कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बसवायचे काम सुरू आहे म्हणतात, पण पाणी अजून झिरपतेच आहे. जार उशिरा आला की वस्तीतले कुणीतरी येऊन कुलूप हलवून पाहते.

मित्रांनो, पाणी बिघडले हे ज्याला आधी कळेल, त्याने आधी सांगावे. आज सकाळी कुलूप हलवणारा हात फार लहान होता.