मुलाखतीच्या प्रतीक्षेतले तीन दिवस

शंकीला इंटर्नशिप मिळाली. आनंद झाला असेल तर आवरा, कारण हे अजून घडलेलंच नाही. आज सोमवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत आणि शंकीच्या हातात काहीही नाही.

घरात तिला शंकी म्हणत, कारण दुधावर साय आली तरी ती विचारायची, "का आली?" कॉलेजचा हुकूम होता, शुक्रवारपर्यंत इंटर्नशिपचं पत्र आणा, नाहीतर वर्ष बुडालं समजा. शंकीने एकेचाळीस अर्ज केले होते. चाळीस जणांनी अळीमिळी गुपचिळी धरली. एकेचाळिसाव्याने कळवलं, की शिकायला यायचं तर आधी दोन वर्षांचा अनुभव हवा.

"आधी पोटभर जेवून ये, मग वाढतो," दादा म्हणाला.

"तुला रे कसला अनुभव आहे?"

"बेकारीचा. तीन वर्षांचा. सलग."

बेचाळिसावा अर्ज शंकी स्वतः घेऊन निघाली. एका इमारतीच्या तळघरात वजनकाटे दुरुस्त करणारा एक कारखाना होता. काउंटरमागची खुर्ची रिकामी होती. तिने अर्ज तिथल्या ट्रेमध्ये ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. फोन वाजायला लागला. अकराव्या घंटेला तिच्याने राहवेना, तिने तो उचलला.

"अहो, काटा रिकामा आहे, तरी पाच-सहा ग्रॅम नाचताहेत!" कुणी बेकरीवाला ओरडत होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काटा काचेच्या पेटीत असतो, आणि तो का असतो हे तिने अर्थातच विचारलेलं होतं.

"वर पंखा आहे का?"

"आहे."

"बंद करा."

पलीकडे बटणाचा खटका झाला. "थांबला की हो!"

तेवढ्यात आतून मालकीणबाई आल्या. हातात मोजे, चिमट्यात काटे तपासायचं एक चकचकीत वजन. या वजनाला उघडं बोट लागलं तर बोटाच्या तेलाने ते जड होतं, म्हणून बाई त्याला तान्ह्या बाळासारखं वागवत. माणसांकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

"फोन घ्यायला एजन्सीने पाठवलं ना तुला? बस. उशीर केलास."

शंकी बसली. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, तोवर फोन पुन्हा वाजला.

असे तीन दिवस गेले. तिने काट्यांना चिठ्ठ्या लावल्या, तक्रारींची वही मांडली, आणि निम्मे काटे पंख्यापायी बिघडतात हे शोधून भिंतीवर पाटी लावली: 'आधी पंखा, मग आम्ही.'

बुधवारी संध्याकाळी बाईंनी ट्रेमधला गठ्ठा तिच्यापुढे टाकला. "शिकाऊंचे अर्ज आहेत. सगळ्यांना नाही म्हणून कळव. आता तू आहेस, आणखी कोण कशाला?"

गठ्ठ्यात तळाशी शंकी होती. तिने स्वतःला अत्यंत सभ्य भाषेत नकार लिहिला. वाचून तिला वाईटही वाटलं. शुक्रवार परवावर आला होता. गप्प बसावं तर पत्र नाही, बोलावं तर खुर्चीही जाणार. तिने सगळे नकार हातात घेतले आणि ती आत गेली.

"बाई, यातली एक मी आहे."

"कशातली?"

"नकारातली. मला एजन्सीने नाही पाठवलं."

बाईंनी चिमटा खाली ठेवला. गेल्या तीन दिवसांत हे पहिल्यांदाच घडत होतं. "मग तीन दिवस इथे करत काय होतीस?"

"मुलाखतीची वाट बघत होते."

बाईंनी तिच्या हातातून तिचा नकार घेऊन वाचला. बाहेर फोन वाजला. दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"उचल की गं!" बाई म्हणाल्या. "झाली तुझी मुलाखत. पत्र उद्या टाइप कर, मी सही करते. आणि नकारात शुद्धलेखन छान आहे तुझं."

आता ते घडलं. आनंद चालेल.

पत्रात इंटर्नशिप गुरुवारपासून धरली होती. ते कॉलेजात देऊन आल्यावर शंकीला शंका आली, की मग आधीच्या तीन दिवसांचं काय? पुढच्या उन्हाळ्याचा विचार करून तिने एकेचाळिसाव्या कंपनीला लिहिलं:

'महोदय, आपण मागितलेल्या दोन वर्षांच्या पूर्वानुभवापैकी तीन दिवस मी पूर्ण केले आहेत. तरी उर्वरित सातशे सत्तावीस दिवस माफ करण्यात यावेत, ही नम्र विनंती.'