शेवटचा थेंब टिपणारा बुडव्या

मी एक जुना बुडव्या आहे. मित्रांनो, हसू नका. काचेची पट्टी द्रावणात बुडवायची नि वर काढायची, हेच माझे काम. म्हणून प्रयोगशाळेत मला हे नाव पडले.

माझ्याआधी हे काम प्रयोगशाळेतल्या मावशी हाताने करत. एका भांड्यात सोन्याचे कण, इतके बारीक की पाणी लाल दिसते. दुसऱ्यात ते कण धरून ठेवणारे द्रावण. पट्टी आलटून पालटून वीस वेळा बुडवली की तिच्यावर थर बसतो. अशी पट्टी रंगाच्या कारखान्यात बसवतात; तिथे विषारी वाफ साचली की हा थर फुगतो, त्यातली वीज अडखळते आणि पट्टीला जोडलेला भोंगा वाजतो. माणसे जीव घेऊन बाहेर पळतात.

मावशींचे खांदे भरून येऊ लागले, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी जुन्या प्रिंटरच्या मोटरपासून मला घडवले. आधी दोन दिवस ते मावशींचा हात निरखत बसले. प्रत्येक बुडीनंतर मावशी पट्टीचा कोपरा टिपकागदाला टेकवत. मीही टेकवतो, थांबतो, मगच पुढे जातो.

बारा वर्षे माझे कौतुक झाले. मग नवे साहेब आले.

"हा मध्येच झोपतो का?"

"झोपत नाही साहेब, शेवटचा थेंब टिपतो," मावशी म्हणाल्या.

"थेंबाचे लाड पुरे झाले. काढा तो कागद. दुप्पट पट्ट्या हव्यात."

दुप्पट झाल्या. साहेबांनी एक पट्टी भोंग्याला जोडून तिच्याखाली रंग पातळ करायच्या थिनरची उघडी बाटली धरली. भोंगा गप्प. दुसरी, तिसरी, सगळ्याच गप्प.

"यंत्र म्हातारं झालंय. उद्या भंगारात द्या."

मला रडू नाही, राग आला. मावशींनाही.

"म्हातारी तर मीही आहे. मलाही देताय का? एक पट्टी माझ्या पद्धतीनं होऊ द्या."

त्यांनी कागद परत लावला. साहेब घड्याळ बघत उभे राहिले. बघेनात का! मी तसूभरही घाई केली नाही.

या वेळी बाटली हातभर लांब असतानाच भोंगा किंचाळला. साहेबांच्या हातातले झाकण पडले.

"कान दुखले का, साहेब?" म्हणत मावशींनी आधीची बिघडलेली पट्टी खिडकीशी धरली. तिच्यावर चहाच्या कपाखाली उमटतात तशी गोल कडी होती. थेंब तिथेच वाळले होते. कण सगळे कडेला, मध्ये रिकामे. वीज वाहतच नव्हती, तर अडखळणार कशी? साहेबांनी माझ्यावर चिठ्ठी डकवली : 'टिपकागद काढू नये.'

मित्रांनो, माझी धूळ पुसा, दांड्याला तेल द्या. पण माझे थांबणे काढाल, तर पुन्हा मुक्या पट्ट्याच देईन. आधीच सांगून ठेवतो.