कोणाला घेतलं नाही

नवी औषधं तपासणाऱ्या समितीत तिला सगळे 'चाळणीबाई' म्हणत. औषध कंपन्यांचे जाडजूड अहवाल चाळायचे आणि मधुमेहाच्या नव्या गोळीत दम किती, गाजावाजा किती, हे सांगायचं, हे तिचं काम. नव्या सहकाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी बजावे, "साखर किती उतरली ते नंतर बघा. आधी चाचणीत कोणाला घेतलं नाही ते वाचा."

दादा जाऊन तीन आठवडे झाले होते. चौथ्या दिवशी ती कामावर हजर झाली होती. रडू आलं नव्हतं, खरं तर काहीच वाटत नव्हतं. चहा गार होई, तो ती तसाच पिऊन टाकी.

दुपारी वहिनी आली. या ऑफिसात कधी पाऊल न टाकलेली वहिनी पिशवी मांडीवर घेऊन समोर बसली आणि तिने गोळ्यांची अर्धी पट्टी बाहेर काढली.

"हीच ना?"

"हीच."

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी दादाला मधुमेहाच्या दोन गोळ्यांतली एक निवडायला सांगितलं होतं. दादाचा भरवसा घरच्या तज्ज्ञावर. "छोटे, तू म्हणशील ती." तिने फोनवर बोलता बोलता नव्या गोळीच्या अहवालाचं पहिलं पान उघडलं, साखर झकास उतरलेली पाहिली आणि सांगून टाकलं, नवी घे. दादाने आपलं जुनं हृदयाचं दुखणं त्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. तिला मात्र ते ठाऊक होतं, तेव्हा हॉस्पिटलात उशाशी तीच बसली होती.

"अंगात पाणी साठलं, हृदयाला झेपलं नाही म्हणे," वहिनी म्हणाली. "या गोळीनेच झालं का?"

"एका माणसावरून सांगता येत नाही, वहिनी."

हे वाक्य ती पंचवीस वर्षं बोलत आली होती. आजही ते न अडखळता बाहेर पडलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"बरं, ते राहू दे. तुझ्या त्या कागदांत यांच्यासारखी माणसं होती का? हृदयाचं होऊन गेलेली?"

कोणाला घेतलं नाही ते अहवालाच्या नवव्या पानावर होतं. ते पान तिने दादा गेल्यावर वाचलं होतं.

"नव्हती. घेतलीच नव्हती."

"का?"

"त्यांना धोका नको म्हणून."

वहिनीने पट्टी पिशवीत परत ठेवली. "आणि तू हे वाचलं नव्हतंस."

"नाही."

वहिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली, दादाची वही टेबलावर ठेवली. "यात पानोपानी तूच आहेस. तूच ठेव." आणि ती निघून गेली.

वहीत रोज सकाळची साखर होती. एकशे नव्वद, दीडशे, एकशे वीस. आकडे खरंच उतरत गेले होते. कडेला बारीक अक्षरात, 'बूट घट्ट होतात.' पुढे, 'जिन्यात दम लागला. छोटीला सांगायचं नाही, उगाच घोर लावून घेईल.'

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'साखर एकशे आठ! छोटीला फोन करायचा, खूश होईल.'

ती खूश झाली असती.