खोटारडे ठिपके

ऑफिसात सगळे तिला तराजूबाई म्हणत, आणि तिला ते मनातून आवडे. ठिकठिकाणच्या केंद्रांतून तापमानाच्या नोंदी येत, त्या हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलच्या पोटात जाण्याआधी तोलून पाहणं हे तिचं काम. तोलायची रीत सरळ होती. अमुक गावी अमुक वेळी हवा इतकी तापलेली असेल, असा अंदाज मॉडेलने आधीच बांधलेला असे. केंद्राची नोंद त्याच्या आसपास असली की भिंतीवरच्या नकाशात हिरवा ठिपका उमटे आणि ती आत घेतली जाई, ठरलेल्या मर्यादेपलीकडे फटकून असली की उपकरण बिघडलं असं समजून ठिपका करडा होई आणि ती बाहेर राही. अशा करड्या ठिपक्यांना ऑफिसात खोटारडे म्हणत. सकाळी ती जागेवर टेकते न टेकते तोच कोणीतरी हाक मारून विचारी, "काय तराजूबाई, आज किती खोटारडे पकडले?" एवढ्या वर्षांत तिच्या तराजूवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि तिला स्वतःला तर कधी शंकाही आली नव्हती.

घरी तिघंच माणसं. ती, शाळेत गणित शिकवणारा नवरा आणि त्यांची लेक बबडी. बबडी दुसरीत होती आणि थापा मारण्यात पहिली. दात घासल्याची थाप, दूध प्यायल्याची थाप, पलंगाखाली मगर असल्याची थाप. बाप हसायचा आणि आई डोळे वटारायची, असा त्या घराचा शिरस्ता होता. म्हणूनच बबडीचा मेणाच्या खडूंचा डबा उघडला आणि सगळे रंग वितळून आत एकच मातकट वडी झालेली दिसली, तेव्हा तराजूबाईने पहिला प्रश्न विचारला तो रागाने.

"गॅसजवळ ठेवलास ना हा डबा?"

"नाही गं. कपाटातच होता. किती उकडतंय, म्हणून वितळले."

तराजूबाईने सवयीने मोबाइलवर पाहिलं. तिथला आकडा त्यांच्याच मॉडेलमधून येई, आणि तो अगदी सुखाचा होता. मग तिने खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. हवाही तशीच होती, संध्याकाळी खांद्यावर काहीतरी ओढून घ्यावं इतपत गार.

"बबडे, खोटं बोलायचं नाही."

"पण मला उकडतंय."

"खोटारडी कुठली!" असं म्हणून तिने ती वडी केरात टाकली, आणि ऑफिसातला शब्द घरात आल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर बबडी पलंगावर झोपेनाशी झाली. ती नुसत्या चड्डी-बनियनवर न्हाणीघराच्या फरशीवर जाऊन पडे. उचलून आणली तर पुन्हा तिथेच. बाप म्हणाला, नवीन खूळ आहे, जाईल चार दिवसांत. खूळ गेलं नाही. उलट तराजूबाईच्या नजरेला, पूर्वी जी कधी कुठे रेंगाळली नव्हती, एकेक गोष्ट दिसायला लागली. कोपऱ्यावरची कुत्री गटारात पोटं टेकवून पडलेली. कावळे चोची वासून बसलेले, ओरडायचं सोडून. रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टाचांचे ठसे. आणि त्याच डांबरावरून माणसं मजेत चालली होती, कोणी स्वेटर घालून, कोणी मफलर गुंडाळून, शेजारचा म्हातारा पेन्शनर तर तिला थांबवून म्हणाला, "काय सुरेख हवा आहे नाही? असंच राहावं बघा." त्याचे ओठ पांढरे पडून फुटलेले होते. तो हसला तेव्हा त्यांतून रक्त आलं, आणि त्याने ते सहज जिभेने चाटलं.

ऑफिसातला नकाशा करडा होत चालला होता. आधी कडेकडेने, मग मधूनही. मॉडेलचा अंदाज मात्र शांत होता, कारण त्याच्या कानावर जायचं ते हिरव्या ठिपक्यांचंच. शेवटी ती धीर करून साहेबांकडे गेली.

"साहेब, इतकी उपकरणं एकदम कशी बिघडतील? मर्यादा थोडी सैल करू या. नोंदी आत तर येऊ देत."

साहेब सज्जन होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. "अहो, ह्या नोंदी म्हणतात तेवढं तापायला आपल्या हिशेबाने अजून साठेक वर्षं आहेत. एवढी घाई कुठून येणार?" आणि मग जरा पुढे वाकून, "बरं, ते जाऊ द्या. तुम्हाला स्वतःला उकडतंय का?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग झालं तर."

जाताना लिफ्ट बंद होती म्हणून ती इमारतीबाहेरच्या लोखंडी जिन्याने उतरली, कठड्याला धरून धरून. कठडा गार होता. घरी येऊन ताटं घ्यायला गेली तेव्हा नवरा ओरडला, "अगं, हाताला काय झालं?" उजव्या तळव्यावर बोटांच्या मुळापर्यंत फोड टरारून आले होते. दुखत नव्हतं. तिने हात दिव्याखाली धरला आणि त्याच उजेडात तिला फडताळावरची मेणबत्ती दिसली, वीज गेली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली. ती कमरेत वाकली होती आणि तिची वात खाली फळीला टेकली होती.

तराजूबाईने ताटं तिथेच सोडली. ती तशीच न्हाणीघरात गेली. बबडी फरशीवर मुटकुळं करून झोपली होती. तिच्या गालावर तिने डावा हात ठेवला. गाल तापलेला होता की नव्हता? काही केल्या कळेना. आपल्या पोरीला आपला हात ओळखत नाही, ती जळाली तरी आपल्याला थंडगारच लागेल, या विचाराने तिला रडू फुटलं. ह्या सबंध गावात खरं सांगणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला तिने खोटारडं ठरवलं होतं. आता बबडी म्हणेल ते खरं, असं तिने ठरवलं. ती म्हणेल तिथे जायचं, डोंगरात, समुद्रावर, जिथे ती म्हणेल की आई, इथे नाही उकडत.

सकाळी बॅग भरून तिने दाराशी ठेवली. निघण्याआधी एकच काम होतं. ती मर्यादा साहेबांना न विचारता काढून टाकायची. नोंदी आत गेल्या, आकडा बदलला, की सगळ्यांच्या अंगालाही कळेल, असं तिला वाटत होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

ऑफिसात पाऊल टाकलं तर टाळ्या चालल्या होत्या. "या या, तराजूबाई! तुमचे खोटारडे सुधारले!" भिंतीवरचा नकाशा हिरवागार झाला होता. उपकरणांना कोणी हात लावला नव्हता, मर्यादा कोणी बदलली नव्हती. केंद्रं आपण होऊन मॉडेलच्या म्हणण्यावर आली होती. दूर कोपऱ्यात एकच ठिपका अजून करडा होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली, जणू तिच्या पाहण्यानेच तो टिकणार होता. तो एकदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

ती पळत सुटली. डांबरात एक चप्पल रुतून राहिली, ती तिने तशीच सोडली. घरी बाहेरच्या खोलीत नवरा स्वेटर घालून पेपर तपासत होता, "लवकर आलीस?" असं तो म्हणाला, तेही तिने ऐकलं नाही. न्हाणीघर रिकामं होतं.

बबडी पलंगावर होती. गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून, भिंतीला टेकून बसली होती. तोंड लालबुंद, ओठांच्या साली निघालेल्या.

"बबडे, ऊठ. आपण जाऊ या. मला सांग, कुठे जाऊ या? तुला उकडतंय ना?"

"नाही."

"खरं सांग. मी नाही रागावणार. अजिबात नाही रागावणार."

"खरंच नाही गं." बबडीने समजूतदारपणे मान हलवली. "तू म्हणालीस ना, खोटं बोलायचं नाही. म्हणून मी म्हणायचं बंद केलं. मग आज उकडायचंच बंद झालं. आता थंडी वाजतेय."

ताप असेल. नुसता ताप असेल, देवा, असं पुटपुटत तराजूबाईने थर्मामीटरसाठी खण ओढला. थर्मामीटरची काच फुटली होती, आणि खणाच्या तळाशी पाऱ्याचे बारीक थेंब इकडून तिकडे घरंगळत होते.

"आई, ये ना," बबडी म्हणाली आणि तिने ब्लँकेटचं एक टोक उचलून शेजारी जागा करून दिली. "इथे छान ऊब आहे."

तराजूबाई त्या थेंबांकडे पाहत उभी होती. खिडकीतून वाऱ्याची एक झुळूक आली, आणि तिच्या अंगावर हुडहुडी भरून काटा आला.