कशाचा हेवा

सर्वेशची बायको शमिका फोनवर विनीतशी लोजबानमध्ये बोलायची. ही भाषा काही माणसांनी तर्कशास्त्राचे नियम लावून मुद्दाम बनवली आहे, तिच्यात एका वाक्याची दोन प्रकारे फोड होऊच शकत नाही, असं शमिकेनं लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. सर्वेशच्या आईला ती भाषा कानडी वाटायची. सर्वेशचं म्हणणं एवढंच, की जी बाई मराठीत "जेवायला ये" एवढ्यावर भागवते, ती लोजबानमध्ये एवढी हसते कशाला?

विनीत जयगडच्या बंदरात नोकरीला. उंच, दाढी कोरलेली, शिवाय कॉलेजात शमिकेच्याच वर्गातला. एवढा ऐवज कुणाचाही संसार पोखरायला पुरे.

सर्वेशनं दुकानात पंपांच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता चोरून लोजबान शिकायला घेतली. जळलेल्या मोटारींचाच धंदा असल्यामुळे जळणं त्याला नवीन नव्हतं.

भाषा त्याला फारच आवडली. मराठी माणूस घरातून निघताना 'येतो' म्हणतो, म्हणजे सुरुवातच खोटी. लोजबानमध्ये जायचं तर 'क्लामा', आणि त्याला पाच जागा: कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेनं, कशानं. संशयी नवऱ्याला आणखी काय हवं?

शनिवारी दाराआडून त्यानं ऐकलं. शमिका क्लामा, खेडला, रत्नागिरीहून, हातखंब्यावरून, एसटीनं. विनीतसुद्धा. पाचही जागा भरलेल्या बघून सर्वेशला घाम फुटला. रविवारी सकाळी ती म्हणाली की खेडला आप्पा म्हणून एक आहेत, त्यांच्याकडे जाऊन येते, तेही लोजबानवाले आहेत, विनीत पण येतोय. पण मराठीत सांगितलेल्या गोष्टीवर आता कोण विश्वास ठेवणार?

तो स्कूटर दामटत एसटीच्या आधी हातखंब्याला पोचला, स्कूटर टपरीवाल्याच्या हवाली केली आणि गाडी येताच आत शिरला. तिसऱ्या बाकावर दोघं होती. शमिका हसत होती. त्याला बघून ती हसायची थांबली, हे त्याला जास्तच लागलं.

"तू इथे?"

मराठीत काही सुचेना. खांबाला धरून तो म्हणाला, "मी जिल्रा." म्हणजे, मी हेवा करतो.

शमिका मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या जागा रिकाम्या आहेत. कशाचा?"

"झोहे." म्हणजे, असंच काहीतरी.

"ही पळवाट झाली. विनीतचा?"

सर्वेशनं विनीतकडे पाहिलं. तीन आठवडे हेच उत्तर त्यानं पाठ केलं होतं. पण विनीतच्या शर्टावर वड्याची चटणी सांडली होती आणि गाडी लागू नये म्हणून तो आवळासुपारी चघळत होता. हा माणूस हेवा करण्याजोगा निघू नये, हे फारच वाईट झालं.

"तू याच्याशी बोलताना हसतेस, त्याचा," सर्वेश म्हणाला. "मला नुसतं जेवायला बोलावतेस."

गाडी हलली. मग विनीतनं घसा साफ केला.

"हसणं ही घटना झाली ना, दादा. लोजबानमध्ये तिच्याआधी 'नु' लागतो."

बरोबर होतं. तेच असह्य होतं.

"विनीत, तू पुढे जाऊन बस," शमिका म्हणाली. विनीत पिशवी उचलून उठला, सर्वेश त्याच्या जागी बसला. "हं, म्हण आता पहिल्यापासून."

सर्वेशनं 'नु' लावून म्हणायला घेतलं आणि दोनदा चुकला. दुसऱ्यांदा तिला हसू आवरलं नाही.

पुढच्या बाकावर विनीतची मान सरळ होती, पण तिचं हसणं ऐकून सुपारी चघळणं थांबलं होतं.