दहावी गुंज

सुटलेल्या माळेतली एक गुंज तळहातावर होती. लाल, जेमतेम तुरीच्या दाण्याएवढी, एका टोकाला काळा ठिपका आणि मधोमध आरपार भोक. भोक अगदी सरळ पडलं होतं. काल दाभण तापवून ते पाडताना राजेश्वरीबाईंना आपल्याच हाताचं कौतुक वाटलं होतं — सत्तरी ओलांडलेला हात, पण अजून सुईत दोरा ओवतो... आता तोच हात जेवणाच्या टेबलावर, आठ माळांच्या शेजारी उताणा पडला होता.

आठ मुलं, आठ माळा, एकेका माळेत दहा. झाल्या एकोणऐंशी. एकदा मोजल्या तेव्हा वाटलं, चष्मा. दुसऱ्यांदा मोजल्या तेव्हा एकेक गुंज दोऱ्यावर सरकवत, मोठ्याने, वर्गात मोजत तशी मोजली. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, कारण कुठली माळ नऊची ते त्यांना सकाळपासूनच माहीत होतं. गाठ सुटलेली. सृष्टीची.

सकाळी उद्यानात मुलांना मोजायला शिकवताना हे लक्षात आलं तेव्हा त्या हसल्याही होत्या. ‘पडली असेल गवतात, शोधू या,’ म्हणाल्या, आणि बाकीची सातही मुलं गुडघ्यांवर रांगत गवत चाळू लागली, आणि सृष्टी मात्र उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, साडेचार वर्षांची, दोन वेण्या, तोंड हलत होतं. चिक्की खात होती. कोणीतरी लोणावळ्याहून आणलेली चिक्की श्रमदान संपल्यावर सगळ्यांना वाटली होती, सगळ्यांचीच तोंडं हलत होती — पण चिक्की मोजणीच्या आधी वाटली, की नंतर? नंतर वाटली असेल, तर तेव्हा तिच्या तोंडात काय होतं? बाईंनी डोळे मिटले. करंजाच्या झाडाखाली सतरंजी. माळा वाटल्या. एक, दोन, तीन... मग कागदात गुंडाळलेले चिक्कीचे तुकडे... की चिक्की आधी, आणि चिकट हातांनी माळा धरू नका असं आपण म्हणालो ते मागच्या रविवारी? चाळीस वर्षं त्यांनी मुलांना चित्रं क्रमाने लावायला शिकवलं. बी, रोप, झाड, फळ. आज सकाळची चारच चित्रं होती, आणि ती लागत नव्हती.

मुलं घरी गेल्यावर नळाशी मकसूदभाई हात धूत होते. त्यांची स्टेशनपलीकडे नर्सरी आहे. तळेगावातल्या या उद्यानाचं पाणी, छाटणी, खत सगळं रविवारची आठ-दहा माणसं बघतात, आणि त्या माणसांना झाडातलं काही अडलं की मकसूदभाईंना विचारतात. त्यांनी बाईंच्या हातातल्या माळा पाहिल्या.

‘बाई, भोकं पाडलीत व्हय यांना?’

‘मग ओवणार कशा?’

‘ते बरोबर. पण पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. अख्खी गेली तर जाते तशी बाहेर येते, कवच कडक असतं. भोक पडलं, फुटली, की आतलं विष मोकळं. आमच्या चुलत्याची दोन शेरडं गेली की. आणि लगेच नाही हां. पहिला दिवस तर मस्त उड्या मारत होती.’

‘माहीत आहे मला,’ बाई म्हणाल्या.

माहीत नव्हतं. गुंज विषारी असते एवढं माहीत होतं, जसं सगळ्यांना माहीत असतं. आम्ही लहानपणी खिशात घेऊन फिरलो, सोनारांनी गुंजा घालून सोनं तोललं, कोणाला काही झालं नाही. भोकाचं माहीत नव्हतं. आणि मी म्हणाले, माहीत आहे. मी, जी पहिलीच्या पहिल्याच दिवशी मुलांना सांगत आले की येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायचं, त्यात लाजायचं नाही...

मागच्या महिन्यात सगळ्यांनी कुंपणावरचा गुंजेचा वेल उपटायचा ठरवलं होतं. मकसूदभाईंचंच म्हणणं होतं ते. बाईच मध्ये पडल्या. ‘राहू द्या हो, मुलांना मोजायला होतील. प्लास्टिकचे मणी कशाला?’ बाईंचा शब्द कोणी मोडला नाही. वेल राहिला.

फोन त्यांनी साडेबाराला केला. सृष्टीची आई, कोमल, चाकणच्या रस्त्यावर एका कारखान्यात आहे. रविवारी घरी असते, आठवड्याचे कपडे धुते. मागे नळाचा आवाज येत होता.

‘बोला बाई.’

‘काही नाही गं, सहज. सृष्टी काय करतेय?’

‘झोपलीय. आल्या आल्या झोपली. जेवलीसुद्धा नाही, नको म्हणाली.’

‘नको म्हणाली?’

‘चिक्की खाल्लीय ना तुमच्याकडं. पोट भरलं असेल.’ कोमल हसली. ‘बाई, तिनं येतानाच सांगितलं, मला दहापर्यंत येतं म्हणून. जिना चढताना पायऱ्या मोजत होती. तुमच्यामुळं हां.’

बाईंच्या घशात वाक्य तयार होतं. सगळे शब्द जागच्या जागी होते, फक्त म्हणायचे होते. त्या म्हणाल्या, ‘बरं, झोपू दे तिला.’ फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की त्या उभ्या आहेत, आणि त्यांनी पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलंय की बोटं पांढरी पडलीत.

झोपली. जेवली नाही. चार वर्षांचं मूल सकाळभर उन्हात नाचून झोपतंच. चार वर्षांचं मूल चिक्की खाऊन जेवत नाहीच. प्रत्येक गोष्टीला एक साधं कारण होतं, आणि त्याच्या मागे दुसरं कारण उभं होतं, आपली पाळी यायची वाट बघत, शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून.

त्या उद्यानाकडे निघाल्या.

दुपारी उद्यानाला कुलूप असतं, पण रविवारच्या माणसांपाशी एकेक किल्ली आहे. आत कोणी नव्हतं. फेब्रुवारीचं ऊन. करंजाखालची जमीन त्यांनी पाहिली. ती स्वच्छ होती. मुलं गेल्यावर सगळ्यांनी मिळून झाडली होती; बाईंनीच शेवटचा खराटा फिरवला होता. एक पान नव्हतं, चिक्कीचा कागद नव्हता. गुंज इथे पडली असेल तर ती पानांबरोबर गेली, तिकडे, कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात. पडलीच नसेल तर...

खड्डा कमरेएवढा खोल होता, पालापाचोळ्याने काठापर्यंत भरलेला. बाई काठावर बसल्या, मग वाकल्या, मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. वरची पानं कोरडी, खालची ओली, त्याखाली ऊब. बाहेर काढलेली पानं त्या पसरत, बोटांनी चाळत, बाजूला करत. लाल काही दिसलं की श्वास थांबे. बदामाचं पिकलेलं पान. बाटलीचं झाकण. पुन्हा पान. एक दाणा, फक्त एक, आणि मग मी रात्री झोपेन, आणि पुढच्या रविवारी स्वतः कुदळ घेऊन वेल मुळापासून काढेन, कोणाला काही कळायचं कारण नाही...

कोणाला काही कळायचं कारण नाही. हात पानांत तसेच थांबले.

म्हणजे याचीच भीती वाटतेय तुला? — कोणीतरी विचारलं, त्यांच्याच आवाजात, वर्गातल्या आवाजात, जो कधी चढत नसे. सकाळपासून डोळ्यांपुढे काय येतंय ते नीट सांग बरं. आणि त्यांनी नीट पाहिलं. करंजाखाली सतरंजी नाही. मुलं नाहीत. नळाशी बोलणारी माणसं आपण जवळ आलो की गप्प होतात. बाईंनी दिल्या पोरांना. वय झालं हो बाईंचं. मकसूदभाई मान खाली घालून. त्यांनी तर सांगितलं होतं... सकाळपासून या सगळ्या चित्रांत सृष्टी एकदाही नव्हती. तिचं नाव होतं, माळ होती, नऊचा आकडा होता. पोर नव्हती.

त्या उठल्या. गुडघ्यांना माती, हातांना माती. खड्ड्याभोवती पानं पसरलेली होती आणि ती गोळा करायला त्या थांबल्या नाहीत.

कोमलच्या घराचं दार सृष्टीच्या आजीने उघडलं. नंदाबाई, भाजे गावच्या, लेकीकडे महिनाभर राहायला आलेल्या. त्यांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं.

‘या बया. बाई, खड्डं खांदाया गेलतात का काय? या, हितं बसा. कोमल गच्चीवं गेलीय, कापडं वाळत घालाया.’

‘सृष्टी?’

‘ती काय, उठली आत्ताच. लय उड्या मारती बगा.’

सृष्टी पलंगावर होती. खरंच उड्या मारत होती, एका तालात, दोन्ही वेण्या वर जात आणि खाली येत, आणि प्रत्येक उडीबरोबर आकडा म्हणत होती. बाईंना मकसूदभाईंचे शब्द आठवले. पहिला दिवस तर मस्त उड्या मारत होती.

‘सृष्टी, इकडे ये बाळा.’ त्या खाली बसल्या, तिच्या उंचीच्या झाल्या. आवाज त्यांनी तसाच ठेवला, हलका, जसा ठेवायला त्यांनी आयुष्य घालवलं होतं. ‘सकाळी तुझ्या माळेतला एक मणी सुटला ना? तो तू तोंडात घातलास का?’

सृष्टीने मान डोलावली. हो.

‘की गवतात पडला?’

सृष्टीने मान डोलावली. हो.

बाईंना हे माहीत होतं. इतर कोणाला नसेल, त्यांना होतं — या वयाचं मूल बाईंना उत्तर देत नाही, बाईंना हवं असलेलं उत्तर शोधतं. तिसऱ्यांदा विचारलं तर ती तिसऱ्यांदा हो म्हणेल. मुलांना मोकळं ठेवून, न सुचवता विचारायचं असतं, आणि मग थांबायचं असतं. पण आपण पहिल्याच प्रश्नात उत्तर तिच्या तोंडात घातलं, आणि आता खरं तिलाही सापडणार नाही.

‘काय झालं वं बाई?’ नंदाबाई म्हणाल्या. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण पातळ झालं होतं.

बाई उठल्या नाहीत. खालूनच म्हणाल्या, ‘नंदाबाई, मी सकाळी मुलांना गुंजा दिल्या मोजायला. भोकं पाडलेल्या. एक सापडत नाही. हिने खाल्ली असेल, नसेल. मला माहीत नाही.’

‘गुंजा?’

‘कोमलला हाक मारा. रिक्षा बोलवू या. दवाखान्यात हेच सांगायचं, मी सांगते. मला माहीत नाही, म्हणून आलोय.’

नंदाबाई वळल्या. जिन्याकडे गेल्या, आणि त्यांची हाक वर जाताना ऐकू आली. एकच शब्द, लांबवलेला, शेतातून मारावी तशी.

रिक्षात कोमल एका बाजूला बसली होती, ओले हात तसेच, आणि बाईंकडे बघत नव्हती. दुपारी तुम्ही फोन केलात, एवढंच ती जिना उतरताना म्हणाली होती. सृष्टी मात्र आईच्या मांडीवरून घसरत बाईंकडे आली होती. तिने बाईंचा मातीचा हात ओढून घेतला, उघडला, आणि बोटं मोजायला लागली. एका हाताची पाच झाली. दुसरा हात मागितला. रेल्वेचं फाटक बंद होतं, रिक्षा थांबली. भीती गेली नव्हती. उलट आता तिला तोंड होतं, दोन वेण्या होत्या, कपाळावर झोपेतून उठल्याचा घाम होता — का आणखी कसला — आणि ती बाईंच्या छातीला टेकून बसली होती, ऊबदार, जड, आणि तिच्यापुढे बाकी सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. सतरंजी, करंज, नळाशी बोलणारी माणसं.

‘सहा, सात, आठ, नऊ...’

सृष्टी थांबली. करंगळी तिच्या चिमटीत होती. तिने वर पाहिलं.

अशा वेळी सांगायचं नसतं. ओठही हलवायचे नसतात. पुढचा आकडा मुलाचा असतो, तो त्याला येईपर्यंत थांबायचं, हसऱ्या चेहऱ्याने, कितीही वेळ लागला तरी. चाळीस वर्षं बाई अशा थांबल्या होत्या. त्यांच्याइतकं कोणालाच थांबता येत नसे. फाटकापलीकडे गाडीचा आवाज जवळ येत होता, आणि त्या मुलीच्या ओठांकडे बघत होत्या, तिच्या दातांकडे, जिभेकडे, आणि पहिल्यांदाच त्यांना थांबता येत नव्हतं.