तिसरं कडवं

ज्या गाण्यावर सोळा वर्षं पोट भरलं, ते गिस्लें बुल्याननं गेल्या दोन वर्षांत आंघोळ करतानाही गुणगुणलं नव्हतं. कशाला गुणगुणायचं? स्वतःचं गाणं काय कुणी विसरतं! असं त्याला वाटायचं, आणि तिथंच गडी चुकला.

चौघांचा बँड. चौघंही जोंकिएर या फ्रेंच बोलणाऱ्या गावचे, चौघांचे बाप ॲल्युमिनियमच्या कारखान्यातले. फ्रेंचमधून रॉक गायचं आणि बर्फ तुडवत गावोगाव हिंडायचं, यात जवानी गेली. पण नाव झालं. मग टोरांटोची एक कंपनी आली. हीच गाणी इंग्रजीत रेकॉर्ड करा, म्हणाली, अमेरिका गाजवाल. गिस्लेंला इंग्रजीत धड पाणी मागता येत नव्हतं. पठ्ठ्यानं बाराच्या बारा गाणी फ्रेंच स्पेलिंगमध्ये उतरवून घेतली आणि रात्रंदिवस घोकली. अर्थ विचारू नका. अमेरिकेनं ढुंकून पाहिलं नाही, आणि इकडे गावानं तोंड फिरवलं. पावाच्या दुकानातली म्हातारी त्याला मुद्दाम 'गुड मॉर्निंग' म्हणायची. ते फार झोंबायचं.

दोन वर्षं सें-जांच्या उत्सवाचं बोलावणं आलं नाही. चोवीस जून म्हणजे आपल्या माणसांचा सण. त्या दिवशी स्वतःच्याच गावात गायला मिळेना, तर त्या बँडनं गाशा गुंडाळावा. यंदा मात्र समितीच्या सिमोनबाई स्वतः दारात आल्या.

"दुपारी चारला या. फक्त जुनी गाणी. इंग्रजीचा एक शब्द जरी निघाला ना, तर माइकची वायर उपटीन!"

"देवाशपथ नाही निघणार, बाई."

ड्रमवाला रेआल, शाळेपासूनचा दोस्त, कारखान्यात नाव घालून मोकळा झाला होता. त्या दुपारी स्टेजवर चढताना म्हणाला, "आज लोकांनी आपल्याला घेतलं तर बँड राहिला. नाहीतर सोमवारी मी पहिल्या पाळीला. नीट गा, गाढवा."

"गाईन रे. मला दुसरं येतंय तरी काय?"

मैदानात निळेपांढरे झेंडे, सॉसेजचा धूर, चार हजार माणसं. पहिल्या तीन गाण्यांना टाळ्या बेताच्याच. मग सोळा वर्षं पोट भरणारं 'बापाचे बूट' सुरू झालं आणि सगळं मैदान उठलं. दोन कडवी झोकात गेली. तिसऱ्याला त्यानं तोंड उघडलं, तर जिभेवर टोरांटोचं इंग्रजी! त्यानं दात आवळले. फ्रेंच ओळ काही केल्या आठवेना. बाप गेला त्या आठवड्यात रडत रडत लिहिलेली ओळ!

लोक मात्र गात होते. एक शब्द न चुकता त्यांनी तिसरं कडवं संपवलं, चौथं उचललं, धृपद तीनदा घेतलं. गिस्लें ओठ मिटून माइकपुढे उभा होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

सिमोनबाई डोळे पुसत स्टेजमागे आल्या. "काय गायलास रे! तिसऱ्या कडव्यात तर जीव ओतलास. पुढच्या वर्षी यायचं हं."

त्या गेल्यावर रेआलनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलो की लेका! उद्याच कारखान्यात नाही म्हणून कळवतो."

"नको कळवूस. जा तू सोमवारी."

"डोकं फिरलंय का? लोकांनी घेतलं आपल्याला!"

"गाणं घेतलं. तिसऱ्या कडव्यापासून मी गप्प होतो, रेआल. शेवटपर्यंत."

रेआल तर त्याच्या मागेच ड्रमवर होता. त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.